मागच्या पानापासून वाचणारे सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या सरांचे आहेत, म्हणून त्यांचंच नाव आधी घेतो. नाव म्हणजे 'सर' एवढंच. कागदोपत्री त्यांना रीतसर नाव-आडनाव होतं, पण रायपूरच्या आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात शिपायापासून पेशंटपर्यंत कोणी ते वापरत नसे. मुलं पाठीमागे 'उलटे सर' म्हणायची. कारण कोणतीही फाईल हातात आली की सर ती पालथी घालायचे आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे.

सरांचं घराणं भोसल्यांच्या काळात छत्तीसगढात येऊन राहिलेलं. घरी मराठी, शाळा हिंदी, आणि जेवण पूर्ण छत्तीसगढी. दुपारी स्टीलच्या डब्यात रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे बासी, सोबत कच्चा कांदा आणि मीठ. तो डबा ते ओपीडीच्या मागच्या पायरीवर बसून खायचे, आणि खाताना येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे पाय बघायचे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. चाल राहायची. "तो डावा पाय फेकून चालणारा आला होता का बे?" असं विचारायचे, आणि आम्ही रजिस्टर उघडून नाव शोधायचो.

त्यांची आणखी एक सवय होती, ती ऐकून नवीन माणूस हसायचा. पेशंट आत बसला की सर बाहेर जाऊन त्याच्या चपला उलट्या करून तळवे बघायचे. टाच कोणत्या बाजूनं झिजली, अंगठ्याखाली किती खड्डा पडला, हे बघून आत येताना अर्धं निदान त्यांच्या तोंडावर असायचं. एकदा नव्या चौकीदारानं त्यांना चपलाचोर समजून दंड धरला होता. सरांनी हात सोडवून घेतला नाही. उलट त्यालाच म्हणाले, "भैया, तुम्हारा दाहिना जूता अंदर से घिसा है. घुटना दुखता होगा." चौकीदार दुसऱ्या दिवसापासून उपचाराला यायला लागला.

मी आमगावचा. गोंदियाच्या अलीकडे रायपूरच्या बाजूला गाडी थांबते ते गाव. बाबा राईस मिलमधे पोती उचलायचे. दहावीपर्यंतचं माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालं. नागपूरपेक्षा रायपूरला फी झेपण्यासारखी होती आणि मामाचे एक ओळखीचे शंकर नगरात राहायचे, एवढ्या दोन कारणांवर मी या शहरात आलो. राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, जिथे तिथे नवी हॉस्पिटलं उभी राहत होती. आमच्या बॅचला वाटायचं, कागद तयार असले की नोकरी दारातच उभी आहे.

तो कागद म्हणजे पोर्टफोलिओ. शेवटच्या इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येकानं एक फाईल बांधायची. त्यात काय शिकलो, कोणते पेशंट पाहिले, कोणत्या कार्यशाळेला गेलो, स्वतःत काय सुधारणा हवी, पुढे काय करणार, हे सगळं पुराव्यासकट लावायचं. ती फाईल बाहेरचे परीक्षक तपासणार, आणि ती मान्य झाली तरच इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला मिळणार. या फायलींची जबाबदारी सरांकडे होती.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात हा पोर्टफोलिओ तयार मिळायचा. आधीच्या बॅचचे आत्मचिंतनाचे कागद दुकानदाराच्या कॉम्प्युटरमधे होते; नाव आणि तारीख बदलली की झालं. मीही तसाच आणला. सुंदर इंग्रजी होतं. प्रत्येक कागदावर मला ज्ञानवृद्धीची सुवर्णसंधी लाभलेली होती. सर्टिफिकेटं पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातली होती.

सरांनी फाईल पालथी घातली. शेवटचं पान वाचलं. मग त्याच्या आधीचं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे कोण बोलून राहिलं?"

"मी, सर."

"तू असा बोलतो? जेवाले बसला की आईले म्हणतो का, की माते, आज भाजी खायची सुवर्णसंधी लाभली?"

मागे उभी असलेली पोरं हसली.

"घरी जसा बोलतो तसं लिही."

"मराठीत, सर?"

"काहून? मराठीत माणसाचे गुडघे दुखत नाही का?"

मग त्यांनी सर्टिफिकेटं एकेक करून प्लास्टिकमधून बाहेर काढली. "प्लास्टिकमधला कागद कोणी वाचत नाही बेटा, त्याची पूजा करते. आणि सर्टिफिकेट एवढंच सांगते की तू तिथं बसला होता. उठला तेव्हा तुह्यात काय फरक पडला, ते कुठं लिहिलं?"

त्यांची पद्धत सोपी होती. दर शनिवारी एक पान. आठवड्यात काय केलं, त्यात काय चुकलं, ते कोणाच्या ध्यानात आलं, आणि सोमवारी काय वेगळं करणार. सर शेवटचं आधी वाचायचे. सोमवारी काय करणार हे जर धड लिहिलेलं नसेल, तर वरचं वाचायचेच नाहीत. "मेहनत करेन, जास्त लक्ष देईन," असं कोणी लिहिलं की फाईल परत. "मेहनत तर बैलही करते. तू काय करशील ते सांग."

माझी मराठी पानं ते वाचायचे तेव्हा मात्र मला बघवत नसे. मराठी बोलायला पक्के, पण वाचायची सवय नव्हती. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. माझ्या एका पानाला त्यांना इतरांच्या चार फायलींएवढा वेळ लागायचा. मी एकदा म्हटलं, "सर, हिंदीत लिहू का? तुमाले सोपं जाईल." तर म्हणाले, "मले सोपं जावं म्हणून तू फिजिओ बनून राहिला का?"

सर आम्हाला गोल बाजारात घेऊन जायचे, काही विकत न घेता. कापडाच्या दुकानातला गादीवर मांडी घालून बसलेला शेठ, भांड्यांची चळत डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणारा हमाल, जमिनीवर उकिडवी बसून सौदा करणारी बाई, सगळ्यांच्या पाठी आणि गुडघे आम्हाला दाखवायचे. "पुस्तकातला पेशंट खुर्चीवर बसते. आपला कुठं बसते, ते पाहून घ्या," असं म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो. मला ते समजलं असं मला वाटलं होतं. समजलं नव्हतं, हे दाईंच्या वेळी कळलं.

तिकडे आईला दाई म्हणतात; या दाई म्हणजे तेलीबांध्याच्या पुढच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या बाई. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. त्या माझ्याकडे उपचाराला होत्या. मी त्यांना घरी करायचे व्यायाम शिकवले. खुर्चीवर बसा, पाय सरळ करा, वर धरा, सोडा. सकाळ-संध्याकाळ. त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "हव बेटा, करथंव." म्हणजे हो बाळा, करते आहे. पण पायात जोर काही भरत नव्हता. शनिवारी मी लिहिलं: पेशंट सांगितलेलं ऐकत नाहीत. सोमवारी पुन्हा नीट समजावून सांगणार.

सरांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"घरी खुर्ची हाय का तिच्या?"

मी रजिस्टरात बघायला लागलो.

"विचारलं?"

"नाही, सर."

"चाल मंग."

तसेच उठलो. सरांच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही त्या पाऱ्यात गेलो. दाईंच्या घरी एक खाट होती, एक चूल होती, भाजीच्या टोपल्या होत्या. दाई घरी नव्हत्या. शेजारच्या पोरीनं बोट दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान होतं, आणि त्याच्या उंच खुर्चीवर, आरशासमोर, दाई बसल्या होत्या. लुगडं सावरून एक पाय सरळ करत होत्या. तोंडानं काहीतरी मोजत होत्या.

न्हावी आम्हाला पाहून कावलाच. "आप लोग डॉक्टर हो क्या? दाई को समझाओ साहब. सुबह-शाम मेरी कुर्सी पर आके पैर हिलाती है. गिराहिक बाहर से देख के लौट जाता है. बोलता है, यहाँ दाई की दाढ़ी बन रही है."

दाई लाजल्या. मला म्हणाल्या, "तैं कुर्सी केहे रेहे न बेटा." तू खुर्ची म्हणाला होतास ना.

ग्राहक नसेल तेवढाच वेळ त्यांना ती खुर्ची मिळायची. ग्राहक आला की उठावं लागायचं. म्हणून व्यायाम अर्धाच राहायचा. डॉक्टरपोराला "घरी खुर्ची नाही" असं सांगणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत, आणि त्यांच्या लेखी मी मोठा माणूस होतो.

सरांनी काही सुनावलं नाही. दाईंना घरी आणलं, खाटेवर तांदळाचं रिकामं पोतं घडी करून मांडीखाली ठेवलं, आणि तोच व्यायाम आडवा करून शिकवला. मग मला म्हणाले, "आता तू दाखव तिले." मी दाखवला. परतताना तेलीबांध्याच्या तलावाजवळ स्कूटर थांबवून म्हणाले, "पेशंट ऐकत नाही, असं लिहिलं होतं ना? ते खोडू नको. त्याच्या खाली लिही."

मी खाली लिहिलं. खुर्ची, न्हावी, पोतं, सगळं. मराठीत, दोन्ही बाजू भरून. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं ते पहिलं पान, जे कोणाचं पाहून किंवा साचेबंद ओळी जुळवून लिहिलं नव्हतं.

वर्षाच्या शेवटी परीक्षक येणार होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात प्राचार्य मॅडमनी फायली मागवल्या आणि सगळ्यांना हॉलमधे बसवलं. मॅडम वाईट नव्हत्या. कॉलेज नवं होतं, मान्यता टिकवायची चिंता त्यांच्या डोक्यावर होती. त्या म्हणाल्या, "बच्चों, ये क्या है? हर पन्ने पर मेरी गलती, मेरी गलती. बाहर के लोग क्या समझेंगे, हमारे यहाँ मरीज़ों के साथ यही होता है? गलती वाले पन्ने निकालो. साफ़ इंग्लिश में लगाओ. दो दिन हैं."

सर कोपऱ्यात उभे होते. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. बाहेर आल्यावर आम्ही त्यांना घेरलं.

"सर, काय करायचं?"

"मी काढा म्हणत नाही. ठेवा म्हणत नाही. फाईल तुमची हाय."

"पण सर, तुम्हाला काय वाटते?"

"मले वाटते ते मी माह्या फाईलमधे लिहीन," असं म्हणून ते डबा घेऊन पायरीवर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानापुढे आमच्या बॅचची रांग लागली. मीही रांगेत होतो. नागपूरच्या एका हॉस्पिटलनं मला घ्यायचं कबूल केलं होतं; दाखला मिळाला की रुजू व्हायचं. बाबांची कंबर गेली होती, मिलमधे त्यांना हलकं काम दिलं होतं, आणि हलकं काम म्हणजे कमी मजुरी. हे सगळं डोक्यात घेऊन मी फाईल उघडली आणि दाईंचं पान काढायला क्लिप दाबली. पान हातात आलं. आता फाईलमधे काय उरलं ते मी पाहिलं. सर्टिफिकेटं होती. उपस्थितीचे कागद होते. त्यात मी कुठेच नव्हतो. मी पान परत लावलं आणि रांगेतून बाहेर पडलो.

परीक्षकांनी माझी फाईल पुढून वाचली. मराठी पानांवर थांबले. हे काय आहे, असं विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी 'पेशंट ऐकत नाहीत' या ओळीचा अर्थ विचारला, मी सांगितला, त्याखालचा मजकूर सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. पोर्टफोलिओ ठरलेल्या भाषेत नाही, आणि रुग्णाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी वेळेवर केलेली नाही, असा शेरा पडला. दुसरा शेरा खोटा होता असं मला आजही म्हणता येत नाही. इंटर्नशिप तीन महिने वाढली. बॅचमधल्या एकट्या माझी. नागपूरवाल्यांनी दुसऱ्याला घेतलं.

फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "अजून तीन महिने? काहून बाप्पा?"

पण त्या निकालानं सरांचं जे झालं ते माझ्यापेक्षा वाईट होतं. ते स्टाफरूममधे, ओपीडीत, चहाच्या टपरीवर, ज्याला त्याला सांगायला लागले, "मी त्या गरीब पोट्ट्याचं नुकसान केलं. माह्या नादानं त्याची नोकरी गेली." परीक्षकांना ते एक शब्द बोलले नाहीत, मॅडमना बोलले नाहीत. सगळं स्वतःवर घेतलं. आणि फायली वाचणं बंद केलं.

त्या तीन महिन्यांत सर रोज दुपारी मला स्कूटरवर घेऊन पेशंटच्या घरी जायचे. लकवा झालेले, हाडं मोडलेले, पलंगाला खिळलेले. मी आज जे काम करतो ते बहुतेक त्या दुपारी शिकलो. उंबरा किती उंच आहे, नळ किती लांब आहे, रात्री उठवायला कोण आहे, हे आधी विचारायचं. पण शनिवारी मी फाईल पुढे केली की सर न उघडता सही करायचे. एकदा मी मुद्दाम शेवटचं पान वर काढून समोर धरलं. सर नजर दुसरीकडे वळवून म्हणाले, "राहू दे बेटा. लय वाचलं मी." सही करून फाईल माझ्याकडे सरकवली. माणसाला एवढं म्हातारं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दाखला घेऊन मी आमगावला परतलो आणि बाजारपेठेत एक खोली भाड्यानं घेतली. वर्ष होत आलं असेल, तेव्हा कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. पोरगी मराठी घरातली, पण बोलायची हिंदीत. "भैया, सर अब फ़ाइल खोलते ही नहीं. बस साइन. सब लोग वही दुकान वाला लगा रहे हैं. मैंने पूछा तो बोले, मैं एक लड़के का नुकसान कर चुका हूँ."

त्याच दिवशी मी सरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. सर पत्रं लिहीत नसत. मात्र पुढे काही आठवड्यांनी त्याच मुलीनं पुन्हा फोन केला आणि तक्रारीच्या सुरात सांगितलं, की सरांनी तिची अख्खी फाईल परत केली आणि वर विचारलं, हे कोण बोलून राहिलं.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. त्या पत्राची एक प्रत मी ठेवली होती. ती खाली देतो.

*

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

मी आमगावला सुखरूप आहे. खोलीत एक टेबल आणि दोन चटया आहेत. मिलमधले हमाल संध्याकाळी येतात. त्यांना मी आधी घरातलं विचारतो, मग कंबर बघतो. बाबांना पोतं उचलायची वेगळी रीत शिकवली. ते म्हणतात, एवढ्या वर्षांनी कोणी सांगितलं की पोतं पाठीनं नाही, पायानं उचलायचं. आई तुमची आठवण काढते. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही.

सर, तुम्ही सगळ्यांना सांगता की तुम्ही माझं नुकसान केलं. हे माझ्यापर्यंत आलं आणि मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहितो. लहान तोंडी मोठा घास आहे, माफ करा.

तुम्ही त्या दिवशी काढा म्हणाला नाहीत आणि ठेवा म्हणाला नाहीत. मी दुकानापुढच्या रांगेत उभा होतो. पान काढून हातात घेतलं होतं. मग परत लावलं. तिथे तुम्ही नव्हता. मला नोकरीची गरज होती, काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. तरी लावलं.

आमच्या घरात कोणी कधी काही ठरवलेलं नाही, सर. बाबांनी कोणत्या मिलमधे जायचं ते मुकादमानं ठरवलं. मी कोणत्या शाळेत जायचं ते जवळ कोणती आहे त्यावर ठरलं. रायपूरला आलो तेही फीमुळे. ते एक पान ठेवायचं की काढायचं, एवढी एकच गोष्ट माझ्या आजवरच्या आयुष्यात मी स्वतः ठरवली. त्याची किंमत मी दिली, बाबांनी दिली. ती देऊन झाली. आम्ही जिवंत आहोत.

आता तुम्ही म्हणता ती चूक तुमची. मग ते ठरवणंही तुमचंच होतं असं होईल, आणि माझ्याकडे काही उरणार नाही.

तेवढं माझं मला परत द्या, सर.

आपला विद्यार्थी